एनफील्डची नक्कल घेतली, पण घोडा अर्ध्यावर ठरेना

रेडिंगकर

मंडळी, गेली सहा वर्षं इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, क्लबात लोकांच्या बंदुका उसन्या घेऊन ठासणीची नेमबाजी करतोय. यंदा बायकोने वैतागून सांगितलं, "एकदाची स्वतःची घे आणि तो विषय संपव." घेतली. विषय संपला नाही, म्हणून हा धागा.

बंदूक आहे ब्रिटिश लष्कराच्या १८५३ च्या नमुन्याची एनफील्ड, नळी लाकडाला बांधणाऱ्या तीन कड्यांची लांब रायफल. अस्सल नव्हे, नक्कल. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोनेला बनलेली. मेकरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे येणारं रडगाणं त्यांच्यामुळे आहे असं मला वाटत नाही. गार्दोनेच्या प्रूफच्या, म्हणजे नळीच्या चाचणीच्या, शिक्क्यांत एका चौकटीत दोन अक्षरं असतात, त्यावरून साल कळतं. माझ्या नळीवर 'एई' आहे, म्हणजे १९७९. मी तेव्हा बालवाडीत होतो.

नक्कल म्हटलं की लोकांना भिंतीवरची शोभेची वस्तू वाटते. ही तशी नाही. ३९ इंचांची नळी, ०.५७७ इंचाचं तोंड, आत गोळीला फिरकी देणाऱ्या तीन चरी, वजन सव्वाचार किलोच्या वर. उभी केली की माझ्या हनुवटीला लागते. मूळ रायफलींवर असायचा तसा 'टॉवर'चा छापही लॉकच्या (घोडा आणि चापाच्या यंत्रणेच्या) पट्टीवर आहे. कायद्याच्या दृष्टीनेही खरीच बंदूक. इथली गंमत अशी की १८६० ची अस्सल एनफील्ड नुसती हौस म्हणून घरात ठेवायची असेल तर कागद लागत नाही, पण १९७९ च्या नकलेला पोलिसांचा फायरआर्म परवाना लागतो. काळ्या दारूचा परवाना वेगळा, आणि ती ठेवायला लाकडी पेटी. पेटी मी स्वतः बनवली. बायको तिला मसाल्याचा डबा म्हणते.

आता मूळ मुद्दा. दुकानात बंदूक हातात आल्याबरोबर पहिलं काम केलं ते नळीत गज सोडण्याचं. खण्ण असा आवाज आला की नळी रिकामी, भद्द आला की आत काहीतरी बसलंय. नुसत्या आवाजावर भागवलं नाही. नळीच्या तोंडाशी गज बोटाने धरला, बाहेर काढला आणि नळीला बाहेरून लावून पाहिला. टोक निपलपाशी आलं, म्हणजे घोडा आपटतो त्या भोकाच्या बोंडापाशी. रिकामी. नळीत छोटी बॅटरी सोडली, चरी स्वच्छ, तळाशी थोडा जुना तेलकट चिकटा. दस्त्याला एक ओरखडा. साडेपाचशे पौंड मोजले.

लॉक मात्र नीट तपासलं नाही. लोकांच्या बंदुकीचा घोडा रिकामाच ओढून सोडणं इथे असभ्य मानतात, आणि मीही भिडस्त. घरी आणून घोडा अर्ध्यावर चढवला, चाप जरा दाबला, आणि घोडा खाली आला! पुन्हा केलं. दहापैकी चारदा आला. अर्धा घोडा म्हणजे बंदुकीची कडी. निपलवर केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) चढवताना घोडा तिथेच असतो. तो तिथून सुटला तर काय होईल ते सांगायला नको.

दुकानदार म्हणतो, "आहे तशी विकली होती." परत देऊ, दुरुस्त करू, की बंदूकसाजाकडे टाकू? इथे बंदूकसाज तासाचे पैसे घेतात आणि तास त्यांचे मोठे असतात.

शंकासुर

एवढे पैसे घालून लाकूडतोड्याच्या काळातली बंदूक कशाला? आणि शस्त्रांचे धागे इथे हवेतच का?

रेडिंगकर

@शंकासुर, तुमचा घड्याळांचा धागा मी चारदा वाचलाय. तिथे हा प्रश्न विचारला नव्हता.

टूलरूम

पिंपरीत ३४ वर्षं टूलरूममध्ये काढली, बंदूक कधी हातात धरली नाही. पण खाच आणि खटका म्हटलं की आमचा प्रांत. लॉक उघडून आतल्या भागांचे जवळून फोटो टाका. उघडण्याआधी दोन गोष्टी. स्क्रू ड्रायव्हरचं पातं स्क्रूच्या खाचेत पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर स्क्रूची डोकी खाल आणि कायमचं तोंड लपवाल. दुसरं, मोठी स्प्रिंग पक्कडीने ओढू नका. तिच्यासाठी क्लॅम्प मिळतो तो घ्या. स्प्रिंग सुटली की डोळा आधी शोधते.

केपवाला_कुडाळ

वाचून आजोबांची आठवण झाली. आमच्याकडे शेतीसंरक्षण परवान्यावर ठासणीची होती. भात तयार झालं की रानडुकरं यायची, आणि माकडांचा त्रास तर बाराही महिने. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, म्हणजे डुकरांना आचारसंहिता नाही, आम्हाला आहे.

आजोबांची पद्धत अशी. दारू, चिंधी, छर्रे, सगळं ठासून झालं तरी केप शेवटी, जागेवर पोचल्यावर. घरून केप चढवून निघालेल्या माणसाच्या पुढे ते चालत नसत. अर्ध्या घोड्यावर त्यांचा विश्वास नव्हताच. म्हणायचे, खाच झिजते ती कुणाला सांगून झिजत नाही.

रेडिंगकर

काका, हे वाक्य क्लबाच्या भिंतीवर लावण्यासारखं आहे.

काल रात्री लॉक उघडलं. दोन बाजूचे स्क्रू अर्धे सैल केले, लाकडी हातोडीने त्यांच्या डोक्यांवर हळूच टकटक केली, लॉक लाकडातून सरळ बाहेर आलं. पट्टी ओढून काढली तर दस्त्याच्या कडेचे कपचे निघतात हे क्लबातल्या एका म्हाताऱ्याने आधीच सांगून ठेवलं होतं.

आत टंबलर म्हणजे घोड्याच्या दांड्यावरची ती गोल चकती, तिला दोन खाचा. अर्ध्या घोड्याची खाच खोल आणि आत वळलेली असायला हवी, म्हणजे सिअरचं (चापाने हलणाऱ्या खटक्याचं) नाक तिच्यात अडकलं की चाप कितीही दाबा, सुटता कामा नये. माझ्या टंबलरवर त्या खाचेचा ओठ एका बाजूने तुटलाय. तांदळाच्या कणीएवढा तुकडा नाही. पूर्ण घोड्याच्या खाचेवर तर कानशीचे ओरखडे सरळ दिसतात. फोटो टाकलेत.

टूलरूम

पाहिले. हे झिजणं नाही, हे कुणीतरी केलंय. आधीच्या मालकाला चाप हलका हवा होता. त्याने पूर्ण घोड्याची खाच घासून उथळ केली. चाप हलका झाला, पण घोडा पडताना सिअरचं नाक पुरेसं बाहेर निघेना. मग प्रत्येक बाराला ते खाली येता येता अर्ध्या खाचेच्या ओठावर आपटत राहिलं. शेवटी ओठ गेला. सिअरचं नाकही भिंगातून बघा, गोल झालेलं असणार.

आणखी एक तपासा. नवी बारीक कानस त्या घासलेल्या जागेवर अलगद टेकवा आणि शेजारच्या न घासलेल्या जागेवर टेकवा. एके ठिकाणी घसरेल, दुसरीकडे चावेल. असे भाग बहुधा केस हार्डन केलेले असतात, म्हणजे वरची कातडी कडक, आत मऊ. कातडी घासली की खाली लोणी.

रेडिंगकर

अगदी तसंच! घासलेल्या जागी कानस चावली. नाकही गोल. मग आता खाचेवर वेल्डिंग करून पुन्हा घासू का? ओळखीत एक वेल्डर आहे.

टूलरूम

नको. एवढ्याशा भागावर वेल्डिंगची उष्णता गेली की सगळ्याचं पाणी उतरतं. पुन्हा पाणी पाजताना जास्त कडक झालं तर काचेसारखं तुटेल, कमी झालं तर पुन्हा झिजेल. अंदाजाने करण्याची ही जागा नाही. टंबलर आणि सिअर, दोन्ही नवे. एक नवा आणि एक जुना ही काटकसर करू नका, त्यांचं लग्न लागत नाही.

शेनान्डोआ

व्हर्जिनियातून +१. आमच्याकडे विंचेस्टरजवळ फोर्ट शेनान्डोआला यादवी युद्धाच्या बंदुकांचे सांघिक सामने होतात, मी तिथे नऊ वर्षं नेम धरतेय. एनफील्डच्या नकला आमच्या ओळीत रग्गड. युद्धात दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ९ लाख एनफील्ड अमेरिकेत आणल्या होत्या, आणि १९६१ ते १९६५ शताब्दीच्या वर्षांत लोकांना तशी बंदूक हवी झाली, त्यातून इटलीतल्या नकलांचा धंदा उभा राहिला. जुन्या बर्मिंगहॅमच्या नकलांना मात्र इथे वेगळाच मान. त्या एनफील्डच्या मूळ गेजवरून (मापाच्या साच्यांवरून) मापं घेऊन केल्या होत्या.

रेडिंगकर, चाप हलका करण्याचा हा आजार इथेही आहे. नेमबाजीच्या खास लॉकमध्ये टंबलरला एक छोटी हलती जीभ असते, ती सिअरच्या नाकाला अर्ध्या खाचेवरून उचलून नेते. लष्करी एनफील्डमध्ये ती नसते, म्हणून तिचा चाप जड असतो आणि तो जडच राहू द्यायचा.

सुटा टंबलर घ्याल तेव्हा एक सांभाळा. घोडा ज्या चौकोनी टोकावर बसतो त्या चौकोनाचा कोन नव्या भागात अगदी तोच निघेल याची खात्री नाही. दोन अंशांचा फरक पडला तरी घोड्याचं तोंड निपलवर वाकडं पडतं. निपलचंही तसंच. आटे सगळ्या मेकरचे सारखे नसतात. मोजल्याशिवाय मागवू नका, आणि बसत नाही म्हणून पान्याने जबरदस्ती तर अजिबात नको.

इतिहासवेडा

एनफील्ड म्हटलं आणि १८५७ निघालं नाही, हे कसं चालेल? काडतूस म्हणजे कागदाची सुरळी, वर दारू, खाली उलटी ठेवलेली गोळी, आणि गोळीकडच्या कागदाला बाहेरून चरबी. वरचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळीकडचं टोक नळीत घालायचं, उरलेला कागद तोडायचा आणि ठासायचं. भांडण त्या चरबीचं. जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळ डमडमला कुजबूज सुरू झाली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला तेव्हा त्याच्या पलटणीला एनफील्ड मिळालेलीच नव्हती, त्यांच्या हातात जुनी गुळगुळीत नळीची मस्केट होती. मेरठला २४ एप्रिलच्या परेडला ९० पैकी ८५ घोडेस्वारांनी काडतुसं नाकारली, तीही जुन्याच धर्तीची. बंदूक पोचण्याआधी संशय पोचला होता.

नंतर सिपायांना दिलं काय? बाहेरून एनफील्डसारखीच दिसणारी १८५८ च्या नमुन्याची बंदूक, पण आतल्या चरी घासून टाकलेली ०.६५६ इंचांची गुळगुळीत नळी. लांबचा नेम गोऱ्यांकडे राहावा म्हणून.

शंकासुर

हे मात्र माहीत नव्हतं. बरं, चालू द्या धागा.

नवखा_नाशिक

भाबडा प्रश्न. भारतात अशी नक्कल घेता येते का? परदेशी संकेतस्थळांवर 'भारतात बनलेली' म्हणून चकमकीच्या मस्केट दिसतात, त्या आपल्याकडे का नाहीत?

केपवाला_कुडाळ

दादा, चालणारी ठासणीची म्हणजे शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना आलाच, मग ती आजोबांची असो की कालची. कलम ४५ मध्ये जुन्या, वापरता न येणाऱ्या शस्त्रांना सूट आहे, पण तुमची त्यात बसते की नाही हे आपण ठरवायचं नसतं. आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा, मग पैसे मोजा.

शेनान्डोआ

त्या भारतीय मस्केटबद्दल लिहिते, कारण इथे त्यांवर वर्षानुवर्षं भांडणं चालतात. त्या बहुतेक इतिहासाचे खेळ करणाऱ्यांसाठी असतात. पाठवताना कानाला भोक पाडलेलं नसतं, म्हणजे दारूला ठिणगी पोचायची वाट बंद, म्हणून ती शोभेची वस्तू म्हणून जाते. मग घेणारा घरच्या ड्रिलने भोक पाडतो आणि बार उडवतो. भोक पाडणं दोन मिनिटांचं काम, पण त्या नळीच्या मागच्या बुचाचे आटे किती खोल आहेत, पोलाद कुठलं, हे कुणी तपासलेलं नसतं. लाकूडकाम मात्र कधीकधी इटालियनपेक्षा सुबक असतं, हेही खरं. उडवायचीच असेल तर जाणत्याकडून तपासून घ्या.

रेडिंगकर

इंग्लंडात तर प्रूफ नसलेली बंदूक विकणंच गुन्हा, १८६८ च्या कायद्याने. नळी प्रूफ हाऊसला पाठवायची. ते नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू घालून उडवतात आणि टिकली तर शिक्का मारतात. लॉकचे भाग बदलायला हे लागत नाही, दाब नळीवर येतो, लॉकवर नाही. नळीच्या मागच्या बुचाला मात्र मी पान्याने हात लावणार नाही.

रेडिंगकर

तीन आठवड्यांनी अपडेट. नवा टंबलर आणि सिअर आले. शेनान्डोआताईंचं भाकीत खरं ठरलं, घोडा निपलवर जरा उजवीकडे पडत होता. टूलरूमकाकांनी व्यनितून शिकवलेली युक्ती केली. मार्किंग ब्लू, म्हणजे भाग कुठे टेकतो ते दाखवणारा निळा रंग, घरात नव्हता, म्हणून निरांजनाची काजळी निपलच्या टोकावर धरली आणि घोडा हाताने धरून अलगद टेकवला. घोड्याच्या पोकळीत काळं कुठे लागलं ते बघायचं, तेवढंच किंचित घासायचं, पुन्हा काजळी. घासलं ते घोड्याच्या पोकळीच्या कडेला. टंबलरच्या खाचांना कानस लावली नाही. सात-आठ फेऱ्या झाल्या. आईचा फोन आला तेव्हा म्हणाली, "संध्याकाळी देवापुढे बसलायस वाटतं." हो म्हटलं.

आता अर्धा घोडा घट्ट. लॉक दस्त्यात बसवून शंभर वेळा चाप दाबला, एकदाही सुटला नाही. पूर्ण घोड्यावर चाप चांगलाच जड आहे, तो तसाच ठेवलाय. दस्त्याचा ओरखडा घासून जवसाचं उकळलेलं तेल तीन हात दिलं. तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकू नका बरं का, ती आपोआप पेट घेतात. मी बाहेर दोरीवर पसरून वाळवली.

पण रेंजवर नवीन भानगड. पहिल्या पाच बारांत दोनदा केप फुटली, बंदूक गप्प!

केपवाला_कुडाळ

केप फुटली म्हणजे घोडा बरा आहे. ठिणगी दारूपर्यंत जात नाही. तुम्ही पहिल्या पोस्टीत लिहिलंय, तळाशी तेलकट चिकटा होता. तोच.

आजोबा ठासण्याआधी रिकाम्या नळीवर दोन केपा फोडायचे. नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पानाजवळ धरायचं. पान हललं तर वाट मोकळी. हललं नाही तर काडीने निपल साफ करायचं, पुन्हा केप. एकदा चुलत्यांनी हे टाळलं आणि डुकरासमोर बंदूक गप्प. आजोबा झाडावरून ओरडले, "डुकर तुका बघता हा, नि तू केप बघित रवलंस!"

आणि बार झाला नाही तर नळी समोरच ठेवून शंभरपर्यंत मोजायचं. उशिरा उडते ती बंदूक माणूस बघत नाही.

शेनान्डोआ

केपवाला यांना दंडवत. आम्ही गवताचं पातं बघतो, बाकी तेच. नळीचा तळ गरम पाण्याने धुवा, थेंबभर भांड्यांचा साबण, मग कोरडं फडकं, मग आणखी कोरडं फडकं. निपलही काढून बघा, ४०-४५ वर्षांचं असेल तर तोंड चेपलेलं असेल. आणि गोळी किती मापाची घालताय? नकलांच्या नळ्या मापाला सारख्या नसतात. नळी मोजून, गोळी तिच्याहून इंचाच्या एक-दोन सहस्रांशाने लहान. सैल गेली तर तिचा मागचा घेर चरींत फुगून नीट बसत नाही आणि नेम रानोमाळ.

इतिहासवेडा

रेडिंगकर, गोळीला चरबी कुठली लावता ते लिहिलं नाहीत!

रेडिंगकर

वाटच बघत होतो. मधमाश्यांचं मेण आणि खोबरेल तेल. इथे थंडीत खोबरेल दगडासारखं होतं, तेव्हा तेल वाढवायचं. क्लबातले बाकीचे गुराची चरबी वापरतात. १८५७ मध्ये सरकारने सिपायांना शेवटी आपापलं वंगण लावायची मुभा दिली तोवर उशीर झाला होता, मला पहिल्या दिवशीच मिळाली. एकदा साजूक तूप घालून पाहिलं. नेम तोच, वास मात्र असा की शेजारच्या बाकावरच्याने विचारलं, काही खायला आणलंय का.

काल पुन्हा गेलो. नळी धुतली होती, निपल नवं, नळी आणि गोळी दोन्ही मोजलेली. पानाऐवजी कागदाचा कपटा ठेवला, दोन केपांत उडाला. वीस बार, वीसही झाले. दारू फक्त काळी, लष्करी मापाच्या ६८ ग्रेनपेक्षा कमी. ५० मीटरवर शेवटच्या पाच गोळ्या तळहातात मावतील एवढ्या जागेत, पण सगळ्या निशाण्याच्या मधल्या काळ्या वर्तुळाच्या वीतभर वर. मागची दृष्टी (नेम धरायची खाच) सर्वांत खाली असताना ती मुळात १०० यार्डांसाठी आहे, त्यामुळे जवळ वर लागणारच. नळीच्या टोकावरची माशी उंच करावी म्हणतोय. पितळेचा तुकडा, थोडं सोल्डर आणि गॅसची बत्ती घरात आहेच.

टूलरूम

बत्ती खाली ठेवा. नळीला लावण्याआधी इथे फोटो टाका.